तहानेचं जर-तर

ज्यांच्या हातावर डायलिसिसच्या सुयांसाठी नुकताच फिस्टुला केलाय आणि ज्यांना डॉक्टरांनी ‘आता पाणी मोजून प्या’ असं सांगितलंय, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. बाकीच्यांनीही वाचावं, फक्त वाचताना माठातलं गार पाणी किती छान आहे, हे मला कळवू नये.

मी सोलापुरात शुक्रवार पेठेत राहते आणि एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. आमचे हे नवी पेठेत साड्यांच्या दुकानात सेल्समन आहेत. एकुलती मुलगी मेघना कॉलेजात मानसशास्त्र शिकते. मी तापट आहे, हेही आधीच सांगून टाकते. आजारानं माणूस शांत होतो म्हणतात. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही.

दोन्ही?

पाय सुजायचे. दिवसभर खुर्चीत बसून सुजत असतील, असं मी धरून चालले होते. चपलेचा पट्टा रुतायला लागला तेव्हा मोठ्या मापाची चप्पल घेतली. ही माझी अक्कल. मग जेवणाचा वास नको झाला, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायला लागली, तेव्हा ह्यांनी मला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टर रिपोर्ट बघून ह्यांच्याशीच बोलायला लागले. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, “आजार मला झालाय ना? मग माझ्याकडे बघून बोला.” ते बिचारे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “किडन्या काम करत नाहीयेत.”

“दोन्ही?” मी विचारलं. जणू भाजीवालीशी घासाघीस चालली होती.

“दोन्ही.”

बाहेर रणरणतं ऊन होतं. आम्ही रस्ता ओलांडला आणि रसवंतीवर जाऊन उसाचा रस प्यायलो. बर्फ घातलेला, मोठा ग्लास. पाण्याचं बंधन अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. विचार न करता प्यायलेला माझा तो शेवटचा ग्लास. आजही त्या रसवंतीवरून रिक्षा गेली की मी तिकडं बघते.

काटा

डायलिसिसच्या खोलीत शिरलं की आधी वजनकाटा असतो. आठवड्यातून तीनदा त्यावर उभं राहायचं. गेल्या वेळेपेक्षा जितकं वजन वाढलं, तितकं पाणी अंगात साठलं. लघवी जवळपास बंद झालेली असते, त्यामुळे आत गेलेलं बाहेर यायला मशीनशिवाय दुसरा रस्ता नाही. काट्यापुढं खोटं चालत नाही. तरी मी बोलायची. सिस्टर विचारायच्या, “मावशी, काय प्यालात?” आणि मी साळसूदपणे म्हणायची, “काही नाही हो, कलिंगडाची एक फोड.”

जास्त पाणी साठलं की मशीन ते जोरात ओढतं. पोटऱ्यांत गोळे येतात. शेजारच्या खाटेवरचा माणूस ओरडायला लागला की आपण आपले पाय ताणून धरतो, कारण पुढची पाळी आपली असू शकते. हाताच्या शिरेत दोन जाड सुया, डोक्याशी मशीनचा पंखा, आणि अधूनमधून वाजणारा तो अलार्म. पहिले काही आठवडे अलार्म वाजला की मला वाटायचं, माझंच काहीतरी संपलं.

परवानगी होती दिवसाला पाऊण लिटरची, तीही सगळं मिळून. चहा त्यात, आमटी त्यात, ताक त्यात, गोळ्यांबरोबरचा घोटही त्यात. आणि महिना वैशाखाचा. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. पाणी आलं की गल्लीत एकच धांदल, पिंप, घागरी, बादल्या, मोटारीचा आवाज. मी स्वतःच्या हातानं अख्खं घर पाण्यानं भरायची आणि त्यातला एक पेलाही माझा नसायचा.

घरात भांडणं सुरू झाली. हे माझ्यासमोर पाणी प्यायचे बंद झाले. न्हाणीघरात जाऊन, दार लावून प्यायचे. एकदा मला आतून घटाघटा आवाज आला आणि मी बाहेरून दारावर थापा मारल्या. “चोरून कशाला पिताय? मी काय मेलेय का?” ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या मिशा ओल्या होत्या आणि डोळेही.

या सगळ्याला एक मुदत होती. माझा धाकटा भाऊ बिरू, सांगोल्याकडे आमच्या गावी शेती आणि मेंढरं बघतो. त्याची किडनी मला जुळत होती आणि तो द्यायला तयार होता. पण पाणी साठून साठून माझं हृदय फुगलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन किलोच्या आत ठेवलंत आणि हृदयावरचा ताण उतरला, तरच ऑपरेशन. नाहीतर भूल देणारे डॉक्टर तुम्हाला हात लावणार नाहीत.”

म्हणजे भाऊ किडनी घेऊन दारात उभा होता, आणि दार उघडायचं की नाही हे माझ्या जिभेवर होतं.

जर-तर म्हणजे काय

मेघना म्हणाली, “आई, आपण जर-तर करूया.”

जर-तरच्या गप्पांचा मला तिटकारा. शाळेत पालक येतात, “जर त्यानं अभ्यास केला असता तर,” म्हणतात. मी त्यांना म्हणते, जर-तर सोडा, फी भरा. आता माझीच पोरगी मला जर-तर शिकवायला निघाली होती.

ती म्हणाली, “तू रोज ठरवतेस की कमी पाणी पिईन. ती इच्छा झाली. इच्छेला हात-पाय नसतात. नेमकी वेळ कोणती आणि त्या वेळी नेमकं काय करायचं, हे आधीच जोडून ठेवायचं. जर असं झालं, तर मी हे करीन. मग ऐन वेळी मनाशी झगडत बसावं लागत नाही.”

हे दुकानातून नुकतेच आले होते. म्हणाले, “आमच्याकडची जर खोटी असली की साडी एका धुण्यात काळी पडते. तुझी ही जर पाण्यात टिकते का बघू.” मी त्यांच्याकडे उशी फेकली.

तरी मी एक जर-तर केलं. जर तहान लागली, तर पाणी पिणार नाही. वाक्य कसं ठणठणीत वाटत होतं! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा निकाल लागला. मला तहान कधी ‘लागली’ हेच कळेना, कारण ती जातच नव्हती. आणि ‘पाणी पिणार नाही, पाणी पिणार नाही’ असं घोकताना डोक्यात दुसरं काय असणार? पाणीच. त्या वेळी काट्यावरचा आकडा सिस्टरनी लाल पेननं लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघा जास्त लागल्या.

मेघनानं माझं वाक्य ऐकून कपाळाला हात लावला. “आई, ‘तहान लागली तर’ ही वेळ नव्हे. ती तर दिवसभर आहे. मला जागा सांग. तुझा हात पाण्याकडे नेमका कुठं जातो? आणि ‘पिणार नाही’ हे काम नव्हे. ‘तर’च्या पुढं काहीतरी करायचं असतं.”

मग मी स्वतःवर पाळत ठेवली. हात कुठं जातो? फ्रीज उघडला की जातो. ऑफिसात आमच्या शिपाई लक्ष्मीमावशी टेबलावर ग्लास ठेवतात तिथं जातो. बाहेरून येऊन चपला काढल्या की जातो. प्रत्येक ठिकाणाला आम्ही एक काम बांधलं. जर फ्रीजचं दार उघडलं, तर बर्फाचा एक खडा तोंडात टाकून दार लावायचं. जर मावशींनी ग्लास ठेवला, तर तो उचलून खिडकीतल्या कुंडीत ओतायचा. जर चपला काढल्या, तर सरळ मोरीत जाऊन चूळ भरायची आणि दाढेत लवंग धरायची.

हसू नका. मीही हसले होते. पण आठ-दहा दिवसांत एक गंमत झाली. मी हेडमास्तरांशी फोनवर भांडत होते, मावशींनी ग्लास ठेवला, आणि भांडण चालू असतानाच माझ्या हातानं ग्लास उचलून कुंडीत रिकामा केला. मला कळलं ते रिकामा ग्लास खाली ठेवताना. इतके दिवस मला वाटायचं की हा मनाच्या जोराचा खेळ आहे आणि माझं मन कमजोर आहे. इथं मनाला कोणी विचारलंच नव्हतं. कुंडीतली जास्वंद मात्र पार कुजली, आणि मग मावशी आपणहून रिकामा, पालथा ग्लास ठेवायला लागल्या. “ठेवल्याबिगर मला बरं वाटंना,” म्हणाल्या.

काटा दोन किलोच्या आत आला. टिकला. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या. मी हवेत गेले.

माहेरचा तांब्या

बिरू तयार होता, पण त्याची बायको शालन हो म्हणत नव्हती. किडनी देणाऱ्याच्या बायकोला प्रत्यारोपणाची परवानगी देणाऱ्या समितीपुढं येऊन बोलावं लागतं. ती फोनवर येत नव्हती. शेवटी मी आणि हे गावी निघालो. पदर पसरायचा तर समोर बसूनच पसरायला हवा.

जाण्यापूर्वी मेघनानं विचारलं, “तिकडे पाणी देतील. काय करशील?”

“सोपं आहे. जर पाणी दिलं, तर ‘नको’ म्हणेन.”

तिनं मान डोलावली. चूक दोघींची.

दुपारी पोचलो. ऊन मी म्हणत होतं. बिरू मेंढरं घेऊन रानात गेला होता. शालननं डोक्यावरचा पदर सावरला, माठातून तांब्या भरून आणला, बशीत गुळाचा खडा ठेवला. तिचा चेहरा घट्ट मिटलेला.

“घ्या, वन्सं.”

“नको.”

“आवं, उनाचं आलासा. घ्या की.”

“नको गं, खरंच नको.”

“नको काय! घोटभर तरी घ्या.”

माझ्या प्रत्येक ‘नको’बरोबर तांब्या बोटभर पुढं सरकत होता. मला घाम फुटला. ह्यांना वाटलं आपण मदत करावी. ते म्हणाले, “तिला पाणी चालत नाही.”

शालनचा हात जागच्या जागी थांबला. ‘चालत नाही’ हा शब्द गावात कशाकशासाठी वापरला गेलाय, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. शहरात राहणाऱ्या, ऑफिसात बसणाऱ्या नणंदेला आमच्या घरचं पाणी चालत नाही, एवढंच तिनं ऐकलं.

“व्हय?” ती हळू आवाजात म्हणाली. “माज्या घरचं पानी चालत न्हाय. आन माज्या नवऱ्याची किडनी चालती?”

मी तांब्या घेतला आणि प्यायले. सगळा. खरं सांगते, नुसत्या लाजेखातर नव्हे. पहिला घोट खाली उतरला आणि माझं अंगच पाणी मागायला लागलं. तांब्या रिकामा झाला तेव्हा मला रडू येत होतं आणि आणखी हवंही होतं. मग चहा झाला. शेजारची म्हातारी ताक घेऊन आली, तेही झालं. हे माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. शालन भांडी उचलून आत गेली आणि किडनीचं बोलणं राहूनच गेलं. निघताना बिरू भेटला, त्याला मी सगळं ठीक आहे असं सांगितलं.

श्वास

एसटीत बसले तेव्हा छातीत काहीतरी बुडबुडत होतं. सोलापूर जवळ येईपर्यंत मला मागं टेकता येईना. टेकलं की श्वास बंद व्हायचा. पुढच्या सीटच्या दांडीला धरून, वाकून, मी एकेक श्वास ओढत होते. पाण्याबाहेर माणूस बुडू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. हे एकसारखं म्हणत होते, “आलं, आलं, सोलापूर आलं.” कंडक्टरनं गाडी थेट दवाखान्याच्या फाट्यावर थांबवली.

नाकावर मास्क, हातात सुया, आणि मशीन पुन्हा सगळं ओढायला लागलं. मी बसूनच होते, उशीला मिठी मारून. मला मरायची भीती वाटली, अगदी नागडी भीती. देव आठवला नाही. मेघनाची परीक्षा आठवली आणि गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं, जे मी सकाळीच उतरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली. “ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल. असं पुन्हा झालं, तर मग प्रत्यारोपणाचा विषयच काढता येणार नाही.”

हे बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

नको म्हणजे

मेघना खाटेवर बसली. मी तिच्यावर खेकसले, “तुझं जर-तर! वेळ नेमकी होती, काम नेमकं होतं. मी ‘नको’ म्हटलं. तीनदा म्हटलं. काय झालं?”

तिनं माझ्या पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाली, “आई, पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला की तू काय म्हणतेस?”

“नको म्हणते.”

“मग?”

मग काय. मी नको म्हणते, तो वाढतो. ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतो. आणि नाही वाढली तर आपणच घरी येऊन म्हणतो, साधा आग्रहसुद्धा केला नाही मेल्यांनी. आपल्याकडे पहिला ‘नको’ म्हणजे सभ्यपणा. दुसरा म्हणजे, अजून आग्रह करा. तिसऱ्याला समोरच्याचा मान अडकतो. मी योजना म्हणून जो शब्द निवडला होता, तो शब्दच मुळी पाण्याला आमंत्रण होता. शालननं काहीही चुकीचं केलं नव्हतं. तिनं माझ्या ‘नको’ला जे उत्तर द्यायचं असतं तेच दिलं होतं.

“म्हणजे असं काम हवं,” मेघना म्हणाली, “की पाणी घेतल्यासारखंही होईल आणि पोटातही जाणार नाही.”

ते मला खाटेवर पडल्या पडल्या सुचलं. देवळात तीर्थ घेतो. कधी निर्जळी उपवास असतो, कधी घशाला सोसत नाही, तेव्हा आपण ते डोळ्यांना लावतो. पुजारी तुम्हाला पुन्हा घ्या म्हणत नाही. ते पोचलेलं असतं. जर कोणी पाणी दिलं, तर दोन्ही हातांनी घ्यायचं, डोळ्यांना लावायचं, ‘पोचलं’ म्हणायचं आणि देणाऱ्याच्याच हातात परत द्यायचं. ‘नको’ हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. मेघनानं जाताना आणखी एक बांधून दिलं. जर चुकून जास्त पिणं झालंच, तर लपवायचं नाही, त्याच मिनिटाला सेंटरला फोन करायचा.

घरी आल्यावर तालीम सुरू झाली. आग्रह करायला हे. ह्यांच्यासारखा आग्रही माणूस अख्ख्या नवी पेठेत नसेल. ‘घेऊ नका, नुसती बघा तरी’ म्हणत त्यांनी उभ्या जन्मात हजारो साड्या खपवल्यात. डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन ते तांब्या पुढं करायचे. “घ्या की वन्सं. नुसतं ओठाला लावा. रंग बघा पाण्याचा.” मला हसू यायचं, आणि हसताना मी ‘नको’ म्हणून जायची. मग पहिल्यापासून. इतक्या वेळा केलं, की शेवटी ते नुसता रिकामा तांब्या उचलायचे आणि माझे हात जुळून वर जायचे.

बाटली

काटा पुन्हा खाली आला, हृदय हळूहळू सावरलं, आणि समितीपुढं बोलावणं आलं. बिरू येणार होता. शालन येईल की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं.

ती आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर ती एका टोकाला बसली, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये बिरू आणि हे. त्या दुपारनंतर आम्ही पहिल्यांदा भेटत होतो. नावं पुकारली जात होती. मग ती उठली, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गावाकडचं पाणी. तिनं ते आग्रहानं आणलं होतं, की मला तपासायला आणलं होतं, मला कळेना. ह्यांनी श्वास रोखलेला मला ऐकू आला.

“घ्या, वन्सं.”

मला विचार करायला वेळ नव्हता, आणि बरं झालं नव्हता. हात आपोआप गेले. दोन्ही हातांनी बाटली घेतली, डोळ्यांना लावली. गार होती. “पोचलं गं,” मी म्हटलं आणि बाटली तिच्या हातात परत दिली. “तू पी. उन्हातनं आलीस.”

ती बाटलीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. एवढा वेळ कोणी कोणाकडे बघत नसतं.

“त्या दिशी माज्या पान्यानंच दवाखान्यात पडलासा नव्हं?” ती म्हणाली. “ह्येनी सांगितलं मला मागनं.”

“तुझ्या पाण्यानं नाही. कुठल्याही पाण्यानं. माझ्या अंगात गेलेलं पाणी बाहेरच येत नाही, शालन. आत साठतं. छातीत चढतं.”

“मंग तसं म्हनायचं की!” तिचा आवाज एकदम चढला. “चालत न्हाय, चालत न्हाय! चालत न्हाय म्हंजी आमी काय समजायचं? मी हातानं पाजलं तुमास्नी. कायतरी झालं आसतं म्हंजी?” आणि ती तिथंच, माझ्या पायाशी, फरशीवर बसून रडायला लागली. मीही रडले. बिरू बावळटासारखा दोघींकडे बघत होता. हे रुमाल शोधत होते आणि त्यांना तो सापडत नव्हता.

रडून झाल्यावर तिनं तोंड पुसलं आणि ती बाटलीतलं पाणी गटागटा प्यायली. माझ्यासमोर. आणि मला त्याचा राग आला नाही.

आत काय झालं ते मला बिरूनं नंतर सांगितलं. तिला विचारलं, तुमची काही हरकत आहे का? ती म्हणाली, “हरकत न्हाय. पन मला लई भ्या वाटतंय. ते बी लिवून घ्या.”

पोचलं

ऑपरेशनबद्दल मी लिहिणार नाही, कारण मी झोपले होते. ऑपरेशनच्या सकाळी मात्र मी एक जर-तर करून पाहिलं होतं. जर बिरूला काही झालं, तर. पुढं काही सुचलं नाही. प्रत्येक जर-ला तर सापडत नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते. तिथं नुसतं थांबावं लागतं. मी स्ट्रेचरवर पडून छताकडे बघत राहिले.

जागी झाले तेव्हा सिस्टर लघवीची पिशवी दाखवत होत्या, जणू बाळ झालं होतं. भरली होती. बिरूही ठीक होता. मी त्या पिवळ्या पिशवीकडे बघून हात जोडले.

नंतर नियम उलटा झाला. नवी किडनी चालत राहावी म्हणून आता भरपूर पाणी प्यायचं होतं. सिस्टरनी उकळून गार केलेल्या पाण्याचा भरलेला ग्लास माझ्यापुढं धरला. “मावशी, हा पूर्ण संपवायचा.”

दारात तोंडाला मास्क लावून बिरू उभा होता, पोटावर हात धरून, एकेक पाऊल टाकत चालायची परवानगी त्याला नुकतीच मिळाली होती. त्याच्या दंडाला धरून शालन.

मी दोन्ही हातांनी ग्लास घेतला, डोळ्यांना लावला, “पोचलं” म्हटलं आणि सिस्टरच्या हातात परत दिला.

सिस्टर गोंधळून बघत राहिल्या. बिरूला हसू फुटलं आणि टाके ओढले म्हणून तो कळवळला. मलाही कळत होतं की आता प्यायला हवं, पण हात ऐकेनात. इतक्या दिवसांची त्यांची शिस्त. ग्लास पुन्हा पुढं आला आणि मी तोंड फिरवलं. छातीत बुडबुडणारं ते पाणी आठवलं, एसटीची दांडी आठवली. “नको,” मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी तो शब्द तोंडातून आला. “खरंच नको.”

शालननं बिरूचा दंड सोडला. आत यायची तिला परवानगी नव्हती, म्हणून ती उंबऱ्यावरच थांबली आणि तिथूनच म्हणाली,

“वन्सं, न्हाय पोचलं अजून. आत ह्येंची किडनी हाय. तिला तान लागली आसंल. पाजा की तिला.”

मी ग्लास घेतला आणि संपवला. मग दुसरा मागितला.